समुद्राला विचारून प्रदक्षिणा

देवळाला प्रदक्षिणा तुम्ही घातलीच असेल. पण अख्ख्या डोंगराला? आणि तीही समुद्राने वाट दिली तरच!

रायगड जिल्ह्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे हरिहरेश्वर आहे. डोंगराचं खडकाळ टोक इथे थेट पाण्यात घुसलंय. भूगोलाच्या पुस्तकात त्याला भूशिर म्हणतात, भाविक मात्र या जागेला दक्षिण काशी म्हणतात. जवळच्या श्रीवर्धनच्या पेशव्यांचं हे कुलदैवत. पहिल्या बाजीरावांनी १७२३ मध्ये हे देऊळ पुन्हा बांधून घेतलं. इथे दर्शन आधी काळभैरवाचं, मग हरिहरेश्वराचं. आणि मग प्रदक्षिणा.

वाट देवळामागून डोंगर चढते आणि दोन कातळांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी धाडकन समुद्रात उतरते. म्हणजे भरतीच्या वेळी समुद्रात, ओहोटीच्या वेळी सपाट खडकावर! हा सपाट कट्टा लाटांनीच कापलाय. पुढे आलेल्या टोकाकडे लाटा दोन्ही बाजूंनी वळतात, त्यामुळे सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो.

आता कड्याकडे बघा. अरे, हे तर मधमाश्यांचं पोळं! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा टणक बेसॉल्ट. त्याला पोखरलं कुणी? चिमूटभर मिठाने. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात. पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक मागे राहतात, वाढतात आणि खडकाचे कण ढकलून सुटे करतात. खळग्यात सावली असते, ओल टिकते, म्हणून खळगा आणखी खोल होतो. मला तर हे देवळातल्या कोरीव कामापेक्षाही भारी वाटतं.

पण ओहोटी केव्हा, हे कसं कळणार? कोकणातली जुनी युक्ती : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. शुद्ध असो वा वद्य, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ साधारण सहाला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. मात्र अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी असते. चंद्र आणि सूर्य पाण्याला वेगवेगळ्या दिशांना ओढतात, म्हणून पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत ओढतात. तेव्हा उधाण!

हिशेब ढोबळच आहे, तेव्हा खडकावर उतरण्याआधी गावात वेळ विचारायचीच. पावसाळ्यात तर उतरायचंच नाही.

बरं, पौर्णिमेची तिथी पंधरावी. करा पाऊणपट आणि सांगा, प्रदक्षिणेसाठी पहाटे उठायचं की दुपारी मस्त जेवून निघायचं?