मदरबोर्ड कोणता घ्यावा?

खेळांसाठीं संगणक स्वतः जुळवावा, असें नातवाच्या मनानें घेतलें. पैसे माझ्या निवृत्तिवेतनांतून जावयाचे, म्हणून निवड मलाही समजून घेणें भाग पडलें. एकत्र कुटुंबांत जागा बेताची. तेव्हां पेटी लहानच हवी, याविषयीं दुमत नव्हतें. प्रश्न उरला मदरबोर्डाचा.

लहान मदरबोर्डांचे मुख्य प्रकार दोन. ‘मिनी-आयटीएक्स’ हा १७० मिलिमीटर बाजूचा चौरस. तो २००१ सालीं ‘व्हिया’ कंपनीनें पुढें आणिला. ‘मायक्रो-एटीएक्स’ १९९७ चा. त्याची बाजू फार तर २४४ मिलिमीटर. पहिल्यावर विस्ताराची खांच एकच, ती ग्राफिक्स कार्डानें अडते. रॅमच्या खांचा बहुधा दोन. दुसऱ्यावर विस्ताराच्या चारपर्यंत आणि रॅमच्याही पुष्कळदां चार. प्रोसेसर व कार्ड तेंच ठेविलें, तर खेळाचा वेग दोहोंवर जवळजवळ सारखाच.

नातवाचा ओढा मिनीकडे. मीं विचारिलें, “आपल्या गोंदियांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्या चिमुकल्या पेटींत वारा कोठून खेळणार?” तो थोडा थांबून म्हणाला, “खरें आहे, आजोबा. प्रोसेसर फार तापला, तर स्वतःच वेग कमी करितो.” शिवाय समान दर्जाचा मिनी बहुधा महाग पडतो.

ज्यास संगणकाची वसतिगृहांत नेआण करावयाची, त्यानें मिनी अवश्य घ्यावा. आम्हीं मायक्रो घेतला, वांचलेल्या पैशांत दोन पंखे आणिले, आणि रॅमच्या दोन खांचा धाकट्या नातीच्या पुढील अभ्यासासाठीं रिकाम्या ठेविल्या. अंथरूण पाहून पाय पसरावे, हें खरें. पण उद्यां पाय वाढणार आहेत, हेंही अंथरूण घेतांना ध्यानांत असावें.