नेट नाही, तरी शोध चालू!

दोस्तांनो, परवा वर्गात गंमतच झाली. एकीने विचारलं, "बाई, देवमासा झोपतो कसा?" म्हटलं, चला, संगणकावर शोधू. तर नेट गायब! सगळ्यांची तोंडं उतरली. मग मी 'किविक्स' उघडलं, 'देवमासा' टाइप केलं आणि क्षणात लेख हजर!

"बाई, नेट नाही तर शोधलं कुणी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गूगलला विचारलं की आपला प्रश्न नेटवरून दूरच्या संगणकांकडे जातो. किविक्सचं तसं नाही. 2007 साली सुरू झालेला हा प्रोग्रॅम विकिपीडियाचे लेख एका फाइलीत भरून देतो. ती फाइल एकदाच उतरवून घ्यायची. आणि शोधयंत्र? ते प्रोग्रॅमच्या पोटातच बसवलेलं असतं! त्याचं नाव झॅपियन.

पण हजारो लेख ते क्षणात वाचतं कसं? अहो, वाचतच नाही! शब्दांची यादी आधीच तयार असते. पाहा बरं :

पान 1 : माकड झाडावर चढले.
पान 2 : झाडावर पोपट बसला.

आता यादी करू. माकड – 1. चढले – 1. झाडावर – 1, 2. पोपट – 2. बसला – 2. 'झाडावर पोपट' शोधायचंय? दोन्हींत सारखा आकडा कोणता? 2! झालं काम. पानं उलटायची गरजच नाही.

आता नुसतं 'झाड' शोधा. सापडलं? नाही! यादीत 'झाडावर' आहे, 'झाड' कुठेय? आपली मराठी अशीच आहे. पाऊस, पावसात, पावसाचा... शब्द एकच, रूपं किती! ही रूपं एकाच शब्दाची आहेत, हे यंत्राला कुणीतरी शिकवावं लागतं. इंग्रजीसाठी असं काम पुष्कळ झालंय. मराठीसाठी अजून खूप करायचंय. आणि ते मराठी नीट येणाराच करणार, बरं का! तेव्हा व्याकरणाच्या तासाला जांभया देऊ नका.

तोवर एक करा. या अंकातल्या दहा शब्दांची यादी बनवा, पुढे पानांचे आकडे लिहा. मग मित्राला म्हणा, "विचार कुठलाही शब्द!" बघू, आधी कोण शोधतं ते!