घोडीचा स्वभाव आणि अंडाशयातील गाठ

घोडेवाल्यांच्या संघटनेत वावरताना ‘घोडी बिघडली’ ही तक्रार आम्ही पुष्कळदा ऐकतो. कालपर्यंत गरीब असलेली घोडी चावू लागते, इतर जनावरांवर धावून जाते, नराप्रमाणे दुसऱ्या घोडीवर चढू पाहते. मग मालक तिचे भोवरे पाहतो, चाबूक उचलतो, नाहीतर पडेल भावात तिला बाजार दाखवतो. आमचे म्हणणे एवढेच, की तत्पूर्वी तिचे अंडाशय तपासून घ्यावे.

दिवस मोठे होऊ लागले की निरोगी घोडी माजावर येऊ लागते. सुमारे २१ दिवसांच्या चक्रात ५ ते ७ दिवस माज टिकतो. हा सारा कारभार निरोपांवर चालतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी ‘बीज वाढव’ असा निरोप अंडाशयाला धाडते. अंडाशय ‘आता पुरे’ हे उत्तर इन्हिबिन नावाच्या संप्रेरकातून देते.

घोडीच्या अंडाशयात सर्वांत अधिक आढळणारी गाठ ग्रॅन्युलोसा पेशींची. ती बहुधा एकाच बाजूला होते, सावकाश वाढते आणि सहसा शरीरात पसरत नाही. परंतु ती स्वतःच संप्रेरके बनवते. ‘पुरे, पुरे’ हा तिचा निरोप अखंड चालू राहतो. पीयूष ग्रंथी हात आखडते, आणि दुसरे अंडाशय धडधाकट असून बेकार होते, आकसते. काही घोड्या माजावर येतच नाहीत, काहींचा माज सरत नाही. गाठीतून टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक अधिक स्रवले, तर घोडी नरासारखी वागते.

पशुवैद्य गुदमार्गे हात घालून चाचपतात, तेव्हा एक अंडाशय मोठे आणि दुसरे लहान लागते. सोनोग्राफीत पुष्कळदा मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. रक्तातील संप्रेरके मोजून खात्री करता येते. मात्र गाभणपणातही टेस्टोस्टेरॉन वाढते, म्हणून घोडी गाभण नाही ना, हे आधी पाहावे. शस्त्रक्रियेने गाठीचे अंडाशय काढले की स्वभाव हळूहळू निवळतो. दुसरे अंडाशय बहुधा ६ ते १२ महिन्यांत पुन्हा कामाला लागते, आणि घोडी गाभणही राहू शकते.

प्रत्येक मारक्या घोडीला गाठ असते असे नव्हे. खोगिराखालची जखमही जनावराला चिडवते. पण दुखणे कोणतेही असो, त्याला खोड म्हणून शिक्षा करणे हा अन्याय आहे. शिवाय त्यात घोडेवाल्याच्या घरची चूलही विझते.