शेडनेटमधला लाल कोळी : पान पिवळं दिसलं म्हणून खत सोडाल, तर आठ दिवस हातचे जातील

देऊळगाव राजा : ऊन तापायला लागलं की शेडनेटवाल्या शेतकऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. काकडीच्या, वांग्याच्या, शिमला मिरचीच्या खालच्या पानांवर बारीक पांढरट ठिपके पडतात. पान जरा फिकट, मळकट दिसायला लागतं. शेतकरी म्हणतो, अन्नद्रव्य कमी पडलं असेल. मग ठिबकमधून मायक्रोन्यूट्रियंट सुटतं, मॅग्नेशियम सुटतं. आठ दिवस वाट पाहिली जाते. आठव्या दिवशी पान तांबूस पडलेलं असतं आणि शेंड्याला कोळिष्टकासारखी जाळी दिसते. तेव्हा कुठे लक्षात येतं की हा लाल कोळी आहे. पण या किडीच्या बाबतीत आठ दिवस म्हणजे जवळजवळ एक पिढी.

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांत भाजीपाल्याच्या संकरित बियाण्यासाठी शेडनेटची शेती मोठ्या प्रमाणावर होते. शेजारच्या जालन्यातल्या बियाणे कंपन्यांशी करार, दहा-वीस गुंठ्यांचं शेड, त्यावर बँकेचं कर्ज आणि परागीकरणाला रोज मजूर, असा हा सगळा मांड आहे. भाजी विकणाऱ्याचा एक तोडा गेला तर पुढचा तोडा असतो. बियाण्याच्या प्लॉटवाल्याला मात्र फळ वेलीवर, झाडावर पूर्ण पिकेपर्यंत पान हिरवं टिकवावं लागतं. पान आधीच गळालं तर फळ दिसायला लागलेलं असतं, पण आतलं बी पोचट निघतं. हंगामभर दिलेली मजुरी अशी वजनकाट्यावर वाया गेलेली दिसते.

हा कीडा नव्हेच

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कोळी हा कीटक नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांना सहा पाय असतात, याला आठ. नातं कोळ्याशी, गोचिडीशी आणि विंचवाशी. पंख नाहीत. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुईच्या टोकाएवढी. शास्त्रज्ञ तिला दोन ठिपक्यांची कोळी म्हणतात, कारण अंगाच्या दोन्ही बाजूंना काळसर डाग दिसतात. ते डाग म्हणजे तिनं खाल्लेलं अन्न, पारदर्शक कातडीतून दिसणारं. रंग नेहमी लालच असतो असंही नाही. पिवळसर, हिरवट, नारिंगी असे सगळे रंग दिसतात. 'लाल दिसत नाही म्हणजे कोळी नाही' असं समजून बसणारे बरेच आहेत.

ती राहते पानाच्या खालच्या बाजूला. तिच्या तोंडात सुईसारखे दोन बारीक काटे असतात. ते पानाच्या पेशीत खुपसून आतला रस, त्यातल्या हरितद्रव्यासकट, ती शोषून घेते. रिकामी झालेली पेशी वरून पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. एका ठिपक्यानं काही बिघडत नाही. पण असे हजारो ठिपके झाले की पानाचा अन्न तयार करायचा कारखाना बंद पडत जातो. पानाची छिद्रं नीट उघडझाप करत नाहीत, पाण्याचा हिशेब बिघडतो आणि भर दुपारी झाड सुकल्यासारखं दिसतं. त्यावर पाणी वाढवलं तरी उपयोग नसतो.

काकडी या बाबतीत फार नाजूक. इंग्लंडमध्ये काचघरातल्या काकडीवर 1960 च्या दशकात झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की पानाचा सुमारे 30 टक्के भाग खराब होईपर्यंत वेल तग धरते, त्यानंतर उत्पन्न घसरायला लागतं. म्हणजे सुधारायला थोडी मुदत मिळते. ती मुदत खताच्या बादल्या ओतण्यात घालवायची की पान उलटं करून पाहण्यात, एवढाच प्रश्न आहे.

वाढ इतकी झटपट कशी?

साधारण 27 ते 30 अंश तापमानात अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला आठ ते बारा दिवस पुरतात. थंडीत हेच तीन आठवड्यांवर जातं. एक मादी तिच्या आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. तोंडी हिशेब करा. शंभरातल्या निम्म्याच माद्या धरल्या, आणि त्यातल्याही निम्म्या मेल्या, तरी 25 उरतात. त्यांची अंडी अडीच हजार. हा सगळा खेळ महिनाभराच्या आतला.

त्यात आणखी एक गोष्ट. मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते, आणि अशा अंड्यांतून सगळे नरच निघतात. ते मोठे झाले की तिच्याशीच मिलन होतं आणि पुढच्या अंड्यांतून माद्या निघायला लागतात. म्हणजे शेडमध्ये चुकून एकच मादी शिरली, तरी वसाहत उभी राहू शकते.

आणि शेडनेट म्हणजे तिच्यासाठी आयतं घर. बाहेरच्या वावरात पाऊस तिला धुऊन टाकतो, वारा झोडपतो, लेडीबर्डसारखे मित्रकीटक खातात. आत पाऊस नाही, वारा कमी, उष्णता जास्त आणि हवा कोरडी. बारीक जाळीमुळे पांढरी माशी, फुलकिडे कमी होतात हे खरं, पण तीच जाळी मित्रकीटकांनाही बाहेर ठेवते. कोळी मात्र माणसाच्या अंगावरून येतो.

परागीकरणाचं काम करणाऱ्या बाया सकाळी एका शेडमध्ये, दुपारी दुसऱ्या शेडमध्ये जातात. रोज शेकडो फुलांना, पानांना हात लागतो, पदर घासतो, बाही घासते. कोळी कपड्यावर बसून पुढच्या शेडात पोचतो. यात त्या बायांचा काहीच दोष नाही, कोणी सांगितलेलंच नसतं. क्रेट, बांधायची सुतळी, रोपवाटिकेतून आलेला ट्रे, हेही तसेच. ज्या ओळीत कोळी दिसला त्या ओळीचं काम दिवसाच्या शेवटी ठेवायचं, एवढ्या साध्या गोष्टीनं पसारा बराच थांबतो. शेडमध्ये घालायचा अंगरखा शेडमध्येच टांगून ठेवता आला तर आणखी बरं.

शेडच्या कडेला, बांधावर एरंडी, भेंडी, वांगी, कपाशी आणि तण असतंच. हजाराहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर हा कोळी जगतो. आत कितीही फवारलं आणि बाहेर हात-दोन हात तण तसंच राहिलं, तर पाहुणे परत यायचेच. रस्त्याकडेच्या शेडमध्ये पानावर धूळ बसते, तिथेही कोळी जास्त दिसतो. युरियाचा हात सैल असेल तर लुसलुशीत पानावर तो आणखी खूष.

मिरचीवाल्यांनी जरा थांबून पाहावं

शिमला मिरचीवर दोन वेगवेगळे कोळी येतात आणि दोघांची ओळख एकच समजली जाते. दुसरा आहे पिवळा कोळी. तो इतका लहान की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तो जुन्या पानांवर न जाता कोवळ्या शेंड्यावर राहतो, जाळी करत नाही, आणि त्याला दमट हवा आवडते. त्यामुळे शेंड्याची पानं अरुंद, जाडसर होतात आणि कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं दिसतं. फुलकिड्यांनी पान वळतं ते वरच्या बाजूला. चुरडा-मुरडा म्हणून दोन्हींना एकाच पिशवीत टाकलं की औषध चुकतं. काही जण तर व्हायरस समजून चांगली झाडं उपटून टाकतात.

ओळखायला खर्च लागत नाही. शेंड्याकडून नाही, खालच्या-मधल्या पानांपासून सुरुवात करायची. पान उलटं करून शिरेजवळ पाहायचं. दहापट दाखवणारं भिंग दीड-दोनशे रुपयांना मिळतं. मोत्यासारखी गोल पारदर्शक अंडी आणि सालीसारखी पांढरी कात दिसली की समजायचं. भिंग नसेल तर पांढऱ्या कागदावर पान झटकायचं. मिनिटभर थांबायचं. कागदावरचे ठिपके चालायला लागले, तर ती धूळ नाही. दार, कोपरे आणि पश्चिमेकडची गरम बाजू, सुरुवात बहुतेक इथूनच होते. आठवड्यातून दोनदा एवढं पाहिलं तरी चार-दोन झाडांवरच कोळी सापडतो. मग ती पानं पिशवीत भरून शेडबाहेर नेता येतात आणि त्याच ठिकाणी फवारून भागतं.

औषध 'डुप्लिकेट' नसतं, वेळ चुकलेली असते

दुकानात जाऊन 'कोळी पडलाय, काहीतरी जोरदार द्या' असं म्हटलं की अनेकदा सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक हातात पडतं. त्यानं कोळी मरत नाही, पण कोळी खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधांच्या फवारण्यांनंतर कोळी उलट वाढल्याचंही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे पैसे देऊन रोग वाढवून घेतल्यासारखं. कोळ्याला कोळीनाशकच लागतं.

त्यातही प्रत्येकाचं काम वेगळं. हेक्झिथायाझॉक्स अंडी आणि पिल्लांवर चालतं, मोठ्या कोळ्याला मारत नाही. स्पायरोमेसिफेनही अंडी आणि पिल्लांवर जास्त चालतं आणि परिणाम सावकाश दिसतो. शेतकरी दोन दिवसांनी पान पाहतो, मोठे कोळी फिरताना दिसतात, आणि औषध डुप्लिकेट होतं म्हणून दुकानदाराशी भांडतो. प्रोपरगाइट आणि ॲबामेक्टिन चालत्या-फिरत्या कोळ्यावर काम करतात, पण अंडी शिल्लक राहतात. उन्हाळ्यात ती अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. म्हणून पाच ते सात दिवसांनी पुन्हा पाहणं आणि गरज पडल्यास पुन्हा फवारणं आलंच. पहिल्या फवारणीनंतर प्लॉट स्वच्छ दिसला म्हणून पंप धुऊन ठेवला, तर पंधरा दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून.

तेच ते औषध पुन्हा पुन्हा मारायचं नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. गोम वेगळीच आहे. फेनपायरॉक्झिमेट आणि फेनाझाक्विन ही नावं वेगळी, बाटल्या वेगळ्या, पण मारायची पद्धत एकच. यातलं एक सोडून दुसरं घेतलं तर बदल काहीच झाला नाही. गट बदलला पाहिजे. हा कोळी या बाबतीत जगात बदनाम आहे. आतापर्यंत 90 हून अधिक औषधांना त्यानं कुठे ना कुठे दाद दिलेली नाही. 2011 मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय रचना वाचली गेली, तेव्हा विष पचवणाऱ्या जनुकांचा मोठा साठाच त्यात सापडला. जुन्या माणसांच्या तोंडात अजून डायकोफॉलचं नाव असतं. त्यावर केंद्र सरकारनं 2023 मध्ये बंदी घातली आहे, घरात जुनी बाटली असली तरी वापरू नये.

फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि नोझल खालून वर. वरून पान चकचकीत ओलं झालं, खालून कोरडंच राहिलं, तर बाटलीतलं निम्मं मातीत गेलं. पाण्यात मिसळणारं गंधक स्वस्त आणि कोळ्यावर चालणारं आहे, पण 35 अंशांच्या आसपास पान जाळतं आणि काकडीवर्गीय वेली त्याला जास्तच नाजूक. तेलाच्या, निमतेलाच्या फवारणीला लागून तर गंधक मारूच नये. आणि भाजी बाजारात जाणार असेल तर लेबलवर त्या पिकाचं नाव आहे का, फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही, हे वाचलंच पाहिजे. वांग्याला चालतं म्हणून काकडीला चालेल असं नसतं. काकडीचा तोडा तर दिवसाआड असतो.

परदेशात मात्र वाट वेगळी निघाली. नेदरलँड्समध्ये यान कोपर्ट नावाच्या काकडी पिकवणाऱ्या शेतकऱ्यानं रासायनिक औषधांना कंटाळून 1967 च्या सुमारास कोळी खाणारा दुसरा कोळी आपल्या काचघरात सोडला. तिथून पुढे तो धंदाच झाला. आपल्याकडेही कोळी खाणारे देशी कोळी आहेत, बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात कोळी या विषयावरच अखिल भारतीय पातळीवरचं काम चालतं. पण देऊळगावच्या कृषी सेवा केंद्रात पुडीत बांधून मिळावा असा हा माल अजून झालेला नाही. तोवर पानावर बारीक काळे भुंगे किंवा झटपट पळणारे, नासपतीच्या आकाराचे चकचकीत कोळी दिसले, तर ते आपले आहेत, एवढं ओळखून हात आवरता येईल.

फॉगर असेल तर कोरड्या दुपारी थोडा वेळ चालवल्यानं लाल कोळ्याची वाढ मंदावते. मात्र मिरचीत पिवळा कोळी किंवा काकडीत केवडा असेल, तर तोच ओलावा त्यांना पोसतो, तेव्हा आधी पान पाहून मगच फॉगर सुरू करावा.

प्लॉट संपताना बहुतेकांचं लक्ष उडालेलं असतं. झाडं उपटून शेडच्या दाराशी ढीग लागतो आणि तो महिनाभर तिथेच वाळतो. अन्न संपलं की कोळी शेंड्यावर गोळा होतो, धाग्यानं खाली लोंबतो आणि वाऱ्यावर दुसरीकडे जातो. उपटण्याआधी एक फवारणी, उपटलेलं लगेच लांब नेऊन खड्ड्यात गाडणं, आणि मग शेड पूर्ण मोकळं, तणविरहित दोन-तीन आठवडे बंद ठेवणं, असं केलं तर आत उरलेल्या कोळ्याला खायला काही राहत नाही. जुनी सुतळी मात्र वाचवू नये. तिच्या पिळात आणि खांबाच्या भेगांत तो दडून राहतो, आणि नवीन रोपाला पहिल्याच दिवशी तीच सुतळी बांधली जाते.