गच्चीवरचा हवामानाचा खांब आणि अर्थिंग

दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागेच्या कडेला छोटी हवामान केंद्रं आता नवलाची राहिली नाहीत. पानं किती वेळ ओली राहिली, हवेत दमटपणा किती, हे पाहून डाऊनी-भुरीची फवारणी ठरवता येते. काही जण हे यंत्र घराच्या गच्चीवर, लोखंडी पाइपावर बसवतात. वारा नीट मोजायचा तर पाइप उंच हवा. पण आजूबाजूला जे सगळ्यांत उंच, त्यावर वीज पडण्याचा संभवही जास्त.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव गडगडत येतो. गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात तेही नेमके याच दिवसांत. आभाळ वाजलं की ते गोळा करायला आपणच धावतो. तसं धावू नका, कुरडया पुन्हा करता येतील. आणि त्या पाइपाला कपड्यांची तार बांधली असेल, तर ती आजच सोडा.

पाइपावर पडलेली वीज जमिनीत जाऊ पाहते. नीट वाट नसेल, तर ती स्लॅबच्या सळ्यांतून, घरातल्या वायरिंगमधून जाते. अर्थिंग म्हणजे तिला दिलेली सोपी वाट. पाइपाच्या बुडाचा रंग आणि गंज खरवडून घट्ट क्लॅम्प बसवायचा. तिथून किमान 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार किंवा जीआय पट्टी भिंतीच्या बाहेरून सरळ खाली आणायची. काटकोनी वळणं नकोत, तिथून वीज बाजूला उडी मारू शकते. खाली अडीच-तीन मीटरचा अर्थिंग रॉड. मुरमाड, खडकाळ जागी रॉड उतरत नाही, तिथे चर खणून पट्टी आडवी पुरतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून रॉडपासून सुटते, म्हणून ऐन वळवाच्या दिवसांत खड्ड्यात पाणी घालत राहायचं.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते पुढच्या कामाकडे. पाइपाचा रॉड वेगळा, घराच्या मीटरचं अर्थिंग वेगळं, असं ठेवू नये. वीज पडली की एका रॉडजवळ हजारो व्होल्ट चढतात, दुसऱ्याजवळ तेवढे नसतात, आणि हा फरक घरातल्या टीव्ही-फ्रिजमधून किंवा त्यांना हात लावणाऱ्या माणसातून वाट काढतो. दोन्ही अर्थिंग जाड तारेने एकमेकांना जोडायची. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

एवढं करूनही यंत्र वाचेलच असं नाही. थेट वीज पडली तर ते जळू शकतं. अर्थिंग आहे ते घरासाठी आणि माणसांसाठी. यंत्राची वायर घरात येत असेल, तर ढग दाटायच्या आधीच प्लग काढा. बिनतारी यंत्र असेल तर ही कटकट नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अॅप जवळपासच्या विजेची सूचना देतं, ते गटातल्या निदान एकीच्या मोबाइलवर असावं.

आखाजीच्या आधी क्लॅम्प गंजला नाही ना, ते पाहा आणि वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवा. आकडा 10 ओहमच्या आत यायला हवा. जास्त आला, तर आणखी एक रॉड थोड्या अंतरावर ठोकून पहिल्याला जोडायचा.