बेण्याचं वय

हळदीचं वय किती, हा प्रश्न मी दरवर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला विचारतो. कुरुंदा आणि आसपासची पोरं, निम्म्यांच्या घरी हळद. उत्तर ठरलेलं असतं: "नऊ महिने, सर." अक्षय तृतीयेनंतर लावायची, फेब्रुवारी-मार्चात काढायची; हिशेब बरोबर आहे. मग विचारतो, बेणं कुठलं? मागल्या सालच्या हळदीचं. आणि ते? त्याच्या मागल्या सालच्या. असं मागं मागं जाताना पोरं एकमेकांकडं बघायला लागतात. आता आमच्याकडं जिकडंतिकडं सेलम आहे, तीही कुणीतरी बेण्याच्या पोत्यातूनच आणली. या सगळ्या रांगेत बी कुणी पेरलेलंच नाही. म्हणजे आज सरीत उभं आहे ते नवं झाड नव्हे, जुन्या झाडाचा तुकडा आहे, आणि ते जुनं झाडही तुकडाच होतं.

हळदीला फूल येतं, पानांच्या बेचक्यातून फिकट दांडा वर निघतो. बी मात्र धरत नाही. कारण पेशीत आहे. आपल्या सेलमसारख्या हळदीच्या पेशीत 63 गुणसूत्रं असतात, म्हणजे 21 चे तीन संच. बी धरायचं तर आधी गुणसूत्रांच्या जोड्या लागून त्यांची निम्मी निम्मी वाटणी व्हावी लागते, आणि तीन बैलांच्या जोड्या कशा लावणार? एक उरतोच. आपल्या वसमत-अर्धापूरकडच्या केळीत बिया का नसतात, त्याचंही उत्तर हेच. तरी "कधीच नाही" म्हणायला मी बिचकतो. कोझिकोडच्या मसाला पीक संशोधन संस्थेनं हळदीला क्वचित धरणारं बी गोळा केलं, रुजवलं आणि त्या रोपांतून निवडून 'प्रभा' आणि 'प्रतिभा' ही वाणं काढली.

पेशी म्हणजे काय, हे फळ्यावर चित्र काढून सांगता येतं. मी बरीच वर्षं तेच केलं, आणि पोरांनी ते पाठ केलं. मग एकदा प्रॅक्टिकलला कांद्याच्या पापुद्र्याऐवजी ओलं हळकुंड नेलं. ब्लेडनं इतका पातळ काप घ्यायचा की बोटावर ठेवला तर बोट दिसावं. पाण्याचा थेंब, वर काचेचा तुकडा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली. पारदर्शक भिंतींची घरं एकाला एक लागून. आत पिठाचे कण, स्टार्चचे. मला अपेक्षा होती की सगळं पिवळंजर्द दिसेल. दिसलं वेगळंच: बहुतेक घरं जवळजवळ बिनरंगाची, आणि मधूनच एखादी पेशी गडद केशरी-पिवळ्या तेलानं भरलेली. रंग सगळ्या हळदीत नसतो, ठरावीक पेशींच्या कोठारात असतो.

मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, "मग शिजवलेली तोडली की आतून सारखी पिवळी कशी?" त्याच्या घरी हळद शिजवायचा कुकर होता, म्हणून प्रश्न सुचला. दुसऱ्या दिवशी तोच शिजवलेलं हळकुंड घेऊन आला. त्याचा काप पाहिला तर पिठाचे कण फुगून एकमेकांत मिसळलेले, त्यांची खळ झालेली, आणि रंग कोठारं सोडून सगळीकडं पसरलेला. आमच्या बायाबापड्या पिढ्यानपिढ्या हळद शिजवतात. वाळते लवकर आणि रंग एकसारखा येतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. तो का येतो, ते त्या दिवशी काचेखाली दिसलं.

रॉबर्ट हूकनं 1665 साली बुचाच्या झाडाच्या सालीत अशीच घरं पाहिली आणि त्यांना कोठड्या म्हटलं. त्याच्या कोठड्या रिकाम्या होत्या, मेलेल्या. जिवंत पेशी जिवंत पेशीतूनच येते, हे विर्शोनं ठासून सांगितलं ते 1855 साली. वर्गात हे वाक्य आलं की मी बेण्याच्या पोत्याकडं बोट दाखवतो.

आता माझ्या फजितीचं सांगतो. आमच्या दादांचं म्हणणं, जेठे गड्डे लावले तर उतारा जास्त. हळकुंडाचं बेणं म्हणजे दुय्यम. मी म्हटलं, बघूच. 2021 साली विहिरीकडच्या सऱ्यांत गड्डे लावले, पलीकडं हळकुंडं. काढणीला गड्ड्यांनी बाजी मारली. दादांनी ते गावभर सांगितलं. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या माझ्या मित्रानं एकच विचारलं: "विहिरीकडं पाणी जास्त मुरतं ना रे?" मुरतं. म्हणजे जिंकलं कोण, गड्डा का पाणी?

मित्रानं पानसे-सुखात्मे यांचं जाडजूड पुस्तक आणून दिलं. शेतीतल्या प्रयोगांचं संख्याशास्त्र मांडणारा हा ग्रंथ 1954 चा, आणि लिहिणारे दोघंही मराठी, पां. वा. सुखात्मे तर सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यातली निम्मी गणितं माझ्या डोक्यावरून गेली, पण मुद्दा कळला: कुठल्या सरीत काय लावायचं हे आपण ठरवायचं नाही, चिठ्ठीनं ठरू द्यायचं, आणि एकदा नाही, अनेक सऱ्यांत लावायचं. म्हणजे पाणी, माती, सावली यांचा पक्षपात दोन्हीकडं वाटला जातो.

2022 ला बारा सऱ्या, बारा चिठ्ठ्या. लावण झाली, उगवण झाली, आणि जुलैत कुरुंद्यात पूर आला. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला पाणी तुंबून राहिलं. पुढं पानं कडांनी पिवळी पडायला लागली; खोड ओढलं की अलगद हातात यायचं, गड्डा दाबला की घाण वासाचं पाणी सुटायचं. कंदकूज. ती आणणारा पिथियम बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नव्हे, आणि तुंबलेल्या पाण्यात त्याचे बीजाणू पोहत जातात. 1845 पासून आयर्लंडचे बटाटे ज्यानं कुजवले, तो याच भावकीतला. तिथंही बटाटा कापूनच लावायचे, आणि बहुतेक गरिबांच्या रानात एकच वाण. एकाला जे झेपलं नाही, ते कुणालाच झेपलं नाही. डार्विनची निवड चालायची तर आधी निवडायला वेगवेगळं काही असावं लागतं. तुकड्यातून तुकडा लावत गेलं की फरक फार थोडा पडतो, आणि फार सावकाश.

आमच्या वरच्या चार सऱ्या वाचल्या. काढणीनंतर दादांनी त्यांचं बेणं वेगळं काढलं, लिंबाच्या सावलीला ढीग केला, वर हळदीचाच वाळला पाला झाकला, आणि कुणालाही हात लावू देईनात.

"हे बेणं दमाचं आहे," म्हणाले. "एवढ्या पाण्यात टिकलं."

मी म्हटलं, "दादा, ते दमाचं नाही, उंचावर होतं. बेणं सगळं एकच आहे."

दादांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. "मग औंदा हे खाली लाव. त्याच्याशेजारी बाहेरून आणलेलं लाव. अन् बघ."

लावलं. चिठ्ठ्या त्यांनीच उचलल्या.