इंटेग्रिनला दोन किल्ल्या

बोट कापले की रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी धरतात. उठसूट चिकटू लागल्या तर मात्र रक्तवाहिन्याच तुंबतील. प्रत्येक प्लेटलेटच्या पेशीपटलावर आल्फा-टू-बी बीटा-थ्री या इंटेग्रिनचे सुमारे ८०,००० रेणू असतात आणि त्यांना हवे असलेले फायब्रिनोजेन रक्तात सदैव वाहत असते. तरी एरवी काही घडत नाही, कारण हे रेणू मान खाली घालून मिटलेले असतात. त्यांना उभे करण्याचा हुकूम पेशीच्या आतून येतो. टॅलिन या प्रथिनाचे डोके इंटेग्रिनच्या बीटा साखळीची आतली शेपटी धरते, पटलाच्या स्निग्ध थरावर रेलते आणि दोन साखळ्यांची आपसातली पकड सोडवते. बाहेरचा भाग ताठ होतो.

मग टॅलिन एकटेच पुरेसे आहे, असे कोणी म्हणेल. म्हणायला आधारही आहे: कृत्रिम पटलात बसवलेले इंटेग्रिन नुसत्या टॅलिनच्या डोक्याने जागे होताना दिसले आहे. पण परीक्षानळीत हवे तेवढे टॅलिन ओतता येते, पेशीत ती चैन नसते. निर्णायक साक्ष एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराची. त्यात किंडलिन-३ हे प्रथिन नसते, टॅलिन आणि इंटेग्रिन शाबूत असतात. तरीही प्लेटलेट्स एकत्र येत नाहीत, पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरत नाहीत आणि मूल रक्तस्राव व जंतुसंसर्ग दोन्हींनी बेजार होते. किंडलिन त्याच शेपटीवर, पण वेगळ्या जागी बसते. ते टॅलिनला नेमकी कशी साथ देते, यावर अजून वाद आहे. ते लागतेच, यावर नाही.